केंद्रकाभोवतीचे पांढरे कडे
फोटो सुधारणाऱ्या फुकट प्लगइनची एक तपासणी

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या दोन मुलींनी कांद्याच्या पापुद्र्याचे फोटो मांडले होते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर मोबाइल टेकवून घेतलेले हे फोटो इतके स्वच्छ होते की आम्ही थबकलोच. आयोडिनने रंगवलेल्या पेशी, त्यांच्या भिंती, प्रत्येकीतला तपकिरी केंद्रक, सारे ठसठशीत दिसत होते. फोटोंखाली मुलींनी आपले निरीक्षण लिहिले होते : प्रत्येक केंद्रकाभोवती एक पांढरे कडे दिसते, पाठ्यपुस्तकातील आकृतीत ते दाखवलेले नाही.

मुलींनी केले ते योग्यच केले. जे दिसले ते लिहिले आणि पुस्तकाशी जुळत नाही हेही न लपवता लिहिले. आमच्या मनात मात्र शंका आली, कारण तसलेच कडे पेशीभित्तिकेच्या दोन्ही बाजूंना होते, एका हवेच्या बुडबुड्याभोवती होते आणि फोटोच्या कोपऱ्यात आलेल्या एका केसाच्या तुकड्याभोवतीही होते. केंद्रक आणि केस यांच्यात काय साम्य असावे? विचारल्यावर कळले की फोटो आधी थोडे धूसर होते. शाळेच्या संगणकावर फोटो धारदार करणारे एक फुकट प्लगइन होते, त्यातून ते काढून घेतले. कोणते प्लगइन? नाव आठवत नव्हते. किती धार वाढवली? सर म्हणाले, “त्यातला आकडा शेवटपर्यंत नेला, तेव्हा छान दिसले.”

हा लेख त्या शेवटपर्यंत नेलेल्या आकड्यामुळे लिहावासा वाटला. फुकट मिळणाऱ्या प्लगइनची स्तुती करणारे लेख पुष्कळ येतात. ‘अमुक कळ दाबा, तमुक पट्टी सरकवा’ अशा पाककृतीही खूप मिळतात. ही अवजारे शाळेत आणावीत की नाहीत, आणि आणायची तर कोणती, याचा विचार शिक्षकाच्या बाजूने केलेला फारसा दिसत नाही. आमची कसोटी साधी आहे. प्लगइनने चित्राचे काय केले हे वापरणाऱ्याला शोधून काढता येते का? आणि ते बंद पडले तर का बंद पडले हे शोधता येते का? चित्र सुंदर होते की नाही हा प्रश्न आम्ही त्यानंतरचा मानतो.

आधी त्या कड्याचा उलगडा करू. फळा आणि खडू एवढेच साहित्य लागेल.

संगणकाच्या दृष्टीने करडे चित्र म्हणजे आकड्यांचे कोष्टक. ० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे. केंद्रकाच्या काठावरून आडवी एक ओळ घेतली तर ती अशी असेल असे समजू : ५०, ५०, ५०, १५०, १५०, १५०. डावीकडे गडद केंद्रक, उजवीकडे उजळ पेशीरस. आता प्रत्येक आकड्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहा. टोकाच्या आकड्यांना एकच शेजारी आहे, ते तसेच ठेवा. ओळ होते ५०, ५०, ८३, ११७, १५०, १५०. काठ पसरट झाला, म्हणजेच चित्र धूसर झाले. मूळ ओळीतून ही धूसर ओळ वजा केली की उरतात ०, ०, उणे ३३, अधिक ३३, ०, ०. ही वजाबाकी मूळ ओळीत मिळवा : ५०, ५०, १७, १८३, १५०, १५०.

काठावर काय घडले पाहा. केंद्रकाच्या आतल्या कडेला १७ इतका गडद बिंदू आला आणि बाहेरच्या कडेला १८३ इतका उजळ. मूळ दृश्यात १७ नव्हते आणि १८३ही नव्हते. आपल्या डोळ्याला कडेच्या या अतिशयोक्तीमुळे चित्र रेखीव वाटते. वजाबाकी एकपट मिळवण्याऐवजी दुप्पट मिळवली तर आकडे उणे १६ आणि २१६ होतात. उणे आकडा संगणक शून्यावर आणून ठेवतो, आणि कडे अधिकच झळकते. सरांनी ‘शेवटपर्यंत नेला’ तो आकडा या पटीचा होता. मुलींना दिसलेले कडे या गणितातून आले होते.

या क्रियेला ‘अनशार्प मास्क’ म्हणतात. धारदार करणाऱ्या क्रियेचे नाव ‘अनशार्प’ का, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. संगणकापूर्वी काळोख्या खोलीत काम करणारे छायाचित्रकार निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली प्रतिमा बनवून ती निगेटिव्हवर ठेवीत आणि त्या दोहोंतून छपाई करीत. धूसर मुखवटा, म्हणून अनशार्प मास्क. वजाबाकी तीच, पूर्वी ती फिल्म करीत असे.

आता प्लगइनकडे वळू. एखाद्या मोठ्या आज्ञावलीत मूळ कर्त्याने न पुरवलेली सोय करणारी जी छोटी आज्ञावली आपण बाहेरून आणून बसवतो, ती प्लगइन. फोटो सुधारण्याच्या कामी अशी हजारो प्लगइन आहेत. यजमान म्हणून शाळांना परवडण्याजोगी आज्ञावली म्हणजे गिम्प. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस, यांनी १९९५ साली ती लिहायला घेतली आणि १९९६ साली ती लोकांसमोर आली. बाहेरच्यांनी प्लगइन लिहून जोडावीत ही सोय तिच्यात अगदी सुरुवातीपासून आहे. तिच्या रचनेतील एक गोष्ट आम्हाला फार आवडते. गिम्पमध्ये प्रत्येक प्लगइन स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालते. ते कोसळले तर ‘प्लगइन कोसळले’ असा निरोप येतो आणि गिम्प बहुधा चालूच राहते. फोटोशॉपचे पारंपरिक फिल्टर यजमानाच्या पोटातच शिरतात, तेथे पाहुण्याला ठसका लागला की यजमानही आडवा होऊ शकतो.

प्लगइनबाबत ‘फुकट’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि शिक्षकाने ते वेगळे ठेवले पाहिजेत. पैसे पडत नाहीत हा एक अर्थ. मूळ आज्ञावली वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक आहे हा दुसरा. त्याला आपण ‘मुक्त’ म्हणू. निक कलेक्शनची हकिकत या फरकाचा चांगला धडा आहे. निक सॉफ्टवेअर ही कंपनी गूगलने २०१२ साली विकत घेतली. तिचा सात प्लगइनचा संच १४९ डॉलरला विकला जात असे. मार्च २०१६ मध्ये गूगलने तो फुकट केला, आणि जगभरच्या हौशी छायाचित्रकारांनी तो उतरवून घेतला. आमच्या प्रयोगशाळेतही तो आला. त्यातले कृष्णधवल चित्रांसाठीचे ‘सिल्व्हर एफेक्स’ हे आम्ही वापरलेल्या उत्तम अवजारांपैकी एक आहे, हे मोकळेपणाने सांगतो. चित्रातल्या एका ठिकाणी बिंदू ठेवायचा आणि त्या बिंदूसारख्या रंगाच्या भागापुरताच बदल करायचा ही त्यातली कल्पना हुशारीची होती. पण मे २०१७ मध्ये गूगलने सांगितले की यापुढे त्यात सुधारणा होणार नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये डीएक्सओ या फ्रेंच कंपनीने तो संच घेतला आणि २०१८ पासून त्याची नवी आवृत्ती पुन्हा पैसे देऊन मिळू लागली.

यात कोणी फसवले असे आमचे म्हणणे नाही. वस्तू त्यांची होती. पण २०१६ ची ती फुकट आवृत्ती ज्यांच्याकडे राहिली, त्यांच्या हाती एक बंद डबा राहिला. संगणक बदलले, यजमान आज्ञावल्या बदलल्या. डबा अडखळू लागला तर तो उघडून आत पाहण्याची सोय नव्हती. तो दाणे कसे काढतो, कडा कशा उठवतो, हेही त्याला विचारता येत नव्हते. घरगुती छायाचित्रणाला हे चालेल. शाळेच्या प्रयोगवहीसाठी आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

मुक्त प्लगइन बिघडत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. ती तर अधिक बिघडतात. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० ही आवृत्ती आली, आणि २.१० साठी लिहिलेली जुनी प्लगइन तिच्यात चालेनाशी झाली. आतली रचना बदलली होती, शिवाय पायथन भाषेतली पुष्कळ प्लगइन पायथन २ मध्ये लिहिलेली होती, जिचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला आहे. आमची स्वतःची चार छोटी प्लगइन त्या दिवशी निकामी झाली. त्यांतली तीन आम्ही दोन संध्याकाळी बसून नव्या रचनेत आणली, कारण त्यांचा मजकूर आमच्यासमोर होता. चौथे अजून पडून आहे.

त्याच सुमारास शिक्षकांच्या एका शिबिरात आम्हाला प्लगइन बसवण्याचा तास घ्यावा लागला. तीस शिक्षक, अकरा संगणक. पहिल्या अर्ध्या तासात एकाही संगणकावर प्लगइन चालले नाही, आणि पुढचे दोन तास त्याची कारणे शोधण्यात गेले. शिबिराच्या आयोजकांना वेळ वाया गेला असे वाटले. आमच्या मते तोच तास खरा विज्ञानाचा झाला.

गणिताच्या एका बाईंनी सांगितले की त्यांच्याकडे २.१० आवृत्ती आहे, पण प्लगइनला २.८ किंवा त्यापुढची लागते, तेव्हा ते चालणार नाही. दशांश अपूर्णांकाच्या नियमाने त्यांचे अगदी बरोबर होते, २.१० हे २.८ पेक्षा लहानच. परंतु आवृत्तीच्या आकड्यातला तो बिंदू दशांशचिन्ह नसतो. तो नुसता विभाजक आहे, पुस्तकातल्या प्रकरण २, परिच्छेद १० सारखा. २.८ नंतर २.१० आली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मग तिथे दुसरे चिन्ह तरी वापरायचे!” त्यांची तक्रार आम्हाला मान्य आहे.

तीन संगणकांवर प्लगइन चुकीच्या जागी पडले होते. गिम्प ठराविक फोल्डरमध्येच प्लगइन शोधते. ते फोल्डर कुठे आहे हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. ‘एडिट’ मेनूतल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये फोल्डरांची यादी असते, तिच्यात लिहिलेले असते. गिम्प ३.० मध्ये आणखी एक अट आहे : प्रत्येक प्लगइन त्याच्याच नावाच्या स्वतंत्र उपफोल्डरात हवे. नाव एका अक्षराने चुकले तर ते दिसणारच नाही, आणि न दिसण्याबद्दल कोणताही निरोप पडद्यावर येणार नाही. हा गिम्पचा दोष आहे. जे सापडले नाही त्याबद्दल आज्ञावली गप्प बसते, आणि नवशिक्याला वाटते आपलेच काही तरी चुकले. लिनक्सवर तर त्या फाइलीला ‘चालवण्याची परवानगी’ही द्यावी लागते; ती द्यायला विसरले की हीच शांतता. एका संगणकावर झिप फाइल उघडलीच नव्हती, तशीच फोल्डरात ठेवली होती. हे सांगायला कोणी लाजू नये, आम्हीही केले आहे.

दोघा शिक्षकांकडे प्लगइन मेनूत दिसत होते पण फिकट, दाबले जात नव्हते. येथे प्लगइनचा काही दोष नव्हता. त्यांनी उघडलेले चित्र जुन्या गिफ प्रकारचे होते. अशा चित्रात प्रत्येक बिंदूचा रंग थेट लिहिलेला नसतो, जास्तीत जास्त २५६ रंगांच्या यादीतला अनुक्रमांक लिहिलेला असतो. अनुक्रमांकांची सरासरी काढण्यात काय अर्थ? हजेरीपटावरच्या पाच आणि सात क्रमांकांच्या मुलांची सरासरी म्हणजे सहा क्रमांकाचा मुलगा नव्हे. ‘इमेज’ मेनूतल्या ‘मोड’मध्ये जाऊन चित्र आरजीबी केले की फिकट मेनू गडद होतो. आणखी एकाकडे प्लगइन चालत होते, पूर्ण झाल्याचे सांगत होते, पण चित्रात काहीच बदल नव्हता. चित्राचा अगदी छोटा तुकडा चुकून निवडला गेला होता. बदल तेवढ्यातच झाला होता.

सर्वांत अवघड दुखणे शेवटच्या संगणकाचे. त्यावर गिम्प सुरू होतानाच अडकत असे. कोणी तरी हौसेने वीस प्लगइन भरून ठेवली होती. एकेक काढून पाहायचे तर वीस वेळा संगणक चालू करावा लागला असता. आम्ही दहा बाहेर काढली. गिम्प सुरू झाले. म्हणजे गुन्हेगार बाहेरच्या दहांत. त्यांतली पाच परत ठेवली, अडकले. असे करत पाचव्या खेपेस सापडले. दर वेळी संशयितांची संख्या निम्मी होते, आणि २ चा पाचवा घात ३२ म्हणजे वीसपेक्षा जास्त, म्हणून पाच खेपा पुरतात. ही युक्ती घरातला जळका फ्यूज शोधण्यापासून शब्दकोशात शब्द शोधण्यापर्यंत चालते. अट एकच : दोषी एकच असावा. दोन प्लगइन एकत्र आल्यावरच भांडत असतील तर ही पद्धत फसते, आणि मग अधिक डोके चालवावे लागते.

या साऱ्यातून शिक्षक जे शिकले ते छापील धड्यांतून का शिकायला मिळत नाही, याचे उत्तर धड्यांच्या स्वरूपात आहे. आम्ही शिबिरासाठी असे बरेच धडे वाचले. बहुतेकांत एक चित्र सुरुवातीचे, एक शेवटचे आणि मधे आकड्यांची जंत्री : त्रिज्या ५, प्रमाण ०.८, उंबरठा ३. ही त्रिज्या पिक्सेलमध्ये मोजतात हे सांगितलेले नसते. १००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात ५ पिक्सेल म्हणजे रुंदीचा दोनशेवा भाग. ४००० पिक्सेलच्या चित्रात आठशेवा. धडा लिहिणाऱ्याचे चित्र किती मोठे होते हे माहीत नसेल तर त्याची त्रिज्या उसनी घेणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर लावणे. धडा करून पाहिलेला विद्यार्थी तेच चित्र पुन्हा बनवू शकेल, पण दुसरे चित्र हाती आले की अडेल, आणि काही बिघडले तर त्याच्यापाशी कोणताही धागा नसेल.

त्यापेक्षा आम्ही चाचणीचे चित्र वापरायला सांगतो. २०० पिक्सेल लांबरुंद, करडे. त्याचा एक भाग सपाट ठेवायचा, एका भागात ५० आणि १५० या छटांचा सरळ काठ, आणि एका भागात सपाट पार्श्वभूमीवर पेन्सिलच्या हत्याराने उमटवलेला एकच पांढरा बिंदू. नवे प्लगइन हाती आले की आधी या चित्रावर चालवायचे आणि रंग वाचणाऱ्या हत्याराने आकडे वहीत लिहायचे. फळ्यावरच्या आकड्यांशी ते तंतोतंत जुळणार नाहीत, कारण खरे फिल्टर शेजाऱ्यांना अंतराप्रमाणे वेगवेगळे वजन देतात. पण काठाशी उडी येते का, सपाट भागात काही नवे उगवते का, एकटा बिंदू पसरतो की नाहीसा होतो, हे लगेच कळते. बिंदू सर्वांत बोलका. घंटेवर एक टोला मारला की तिचा सूर कळतो, तसे एका बिंदूचे काय होते यावरून साध्या फिल्टरांचा स्वभाव कळतो. दाणे काढणारे एखादे प्लगइन तो बिंदू साफ पुसून टाकते. अशा प्लगइनमधून ताऱ्यांचा फोटो काढून घेतला तर बारीक तारेही दाणे समजून जातील.

या कसोटीवर दोन मुक्त प्लगइनविषयी लिहिणे आवश्यक आहे. पहिले रिसिंथेसायझर. पॉल हॅरिसन यांनी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातल्या आपल्या पीएच.डी.च्या कामातून ते घडवले. त्यांचा प्रबंध २००५ चा. चित्रातला नको असलेला भाग निवडायचा, आणि प्लगइन त्या जागी चित्रातल्याच इतर ठिकाणचे असे बिंदू आणून बसवते की ज्यांचा शेजार त्या जागेच्या शेजाराशी जुळतो. गवतावरचा कागदाचा कपटा निवडला की तेथे गवत उगवते. फोटोशॉपमध्ये अशी सोय २०१० साली आली तेव्हा तिचा मोठा गाजावाजा झाला. गिम्प वापरणारे ती आधीपासून वापरत होते. कल्पना मोठी देखणी आहे आणि तिची आज्ञावली वाचायला मोकळी आहे, म्हणून आमच्या पहिल्या कसोटीत ते उतरते. मात्र निरीक्षणाच्या फोटोवर ते चालवणे म्हणजे प्रयोगवहीत मनाने वाचन लिहिणे. जेथे कपटा होता तेथे खाली काय होते हे कोणालाच माहीत नाही. प्लगइनने शेजाऱ्यांवरून अंदाज बांधला. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ते खुशाल वापरावे.

संशोधकांच्या जगातही ही रेषा आखावी लागली आहे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतील चित्रे छपाईपूर्वी तपासायला सुरुवात केली, आणि २००४ साली रॉसनर आणि यामाडा यांनी त्याच नियतकालिकात त्यामागचा विचार सविस्तर मांडला. त्यांच्या नियमाचा आशय असा : चित्रातली एखादी विशिष्ट गोष्ट उठवू, झाकू, हलवू वा काढू नये, उजळपणा वगैरे बदलायचा तर संपूर्ण चित्रावर सारखा बदलावा, आणि तो करताना मूळ माहिती नाहीशी होता कामा नये. नववीच्या वर्गाला एवढे पुरते. आम्ही त्यात एकच भर घालू : मूळ फोटो जपून ठेवा आणि काय केले ते त्याच्या शेजारी लिहा. गिम्प ३.० मध्ये याला चांगली मदत झाली आहे. तिचे स्वतःचे बरेचसे फिल्टर आता चित्राच्या थरावर वेगळे राहतात आणि हवे तेव्हा बंद करून खालचे मूळ चित्र पाहता येते. बाहेरून आणलेली बहुतेक प्लगइन मात्र अजून थेट बिंदूच बदलतात.

दुसरे जीमिक. फ्रान्समधील काँ शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेत डेव्हिड चुम्पेर्ले यांनी ते २००८ साली सुरू केले, आणि ते अजून वाढते आहे. पाचशेहून अधिक फिल्टर एकाच खिडकीत मिळतात, नव्या गिम्पसाठीही ते आले आहे, आणि त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. शाळेत एकच प्लगइन बसवायचे असेल तर आम्ही हेच सुचवू. तरी दोन तक्रारी नोंदवतो. पहिली, ही पाचशेची गर्दी. नावे पाहून बऱ्याच फिल्टरांचा अर्थ लागत नाही, आणि पट्ट्यांवरच्या आकड्यांचे एकक अनेक ठिकाणी दिलेले नाही. प्रयोगशाळेत जन्मलेल्या अवजाराने एककाविषयी एवढे बेफिकीर असावे याचे आश्चर्य वाटते. दुसरी तक्रार पूर्वदृश्याची. खिडकीत दिसणारा नमुना बऱ्याचदा लहान केलेल्या चित्रावर चालवलेला असतो. ज्या फिल्टराचा परिणाम पिक्सेलच्या मापावर अवलंबून आहे, त्याचा नमुना एक दिसतो आणि मोठ्या चित्रावर परिणाम दुसराच होतो. नमुना पूर्ण मापात मोठा करून पाहिला की हा घोळ टळतो, पण नवशिक्याला हे कोण सांगणार? पट्टी ‘शेवटपर्यंत’ नेण्याचा मोह येथूनच होतो, कारण लहान नमुन्यात फारसा फरक दिसत नाही.

त्या दोन मुलींना आम्ही बक्षीस दिले नाही आणि त्यांचे निरीक्षण चूक आहे असेही म्हटले नाही. फळ्यावरची सहा आकड्यांची ओळ समजावून दिली आणि मूळ फोटो पुन्हा पाहायला सांगितले. महिन्याभराने सरांचे पत्र आले. मूळ फोटोत कडे बरेच बारीक झाले होते, पण गेले नव्हते. पुष्कळ मोबाइल फोटो घेतानाच आपण होऊन थोडी धार वाढवतात, त्यामुळे आम्ही कळवले की मोबाइल बाजूला ठेवून नुसत्या डोळ्याने नेत्रिकेतून पाहा. पुढचे पत्र मुलींनीच लिहिले होते. नुसत्या डोळ्यालाही एक अगदी बारीक उजळ रेघ दिसते. मात्र सूक्ष्मदर्शकाची चकती किंचित फिरवली की ती रेघ केंद्रकाच्या काठावरून आत सरकते, उलट फिरवली की बाहेर. एका जागी ती राहत नाही, मग ती पेशीचा भाग कशी असेल, असे त्यांनी विचारले होते. वेगवेगळ्या अपवर्तनांकाच्या दोन माध्यमांच्या सीमेवर अशी सरकणारी रेघ दिसते. खनिजांचे अभ्यासक तिला ‘बेके रेषा’ म्हणतात आणि तिच्या सरकण्याच्या दिशेवरून कोणत्या माध्यमाचा अपवर्तनांक जास्त ते ठरवतात. आम्ही मुलींना अजून हे नाव कळवलेले नाही. काचपट्टीवर पाण्याऐवजी ग्लिसरीन घालून रेघेचे काय होते ते आधी पाहा, एवढेच लिहिले आहे.